अर्थ मिळत नाही

मराठी शिकवणाऱ्या माणसाचा सारा व्यवहार 'अर्थ' या एका शब्दाभोवती चालतो. वाच्यार्थ, लक्ष्यार्थ, व्यंग्यार्थ ही त्रयी दर वर्षी नव्या मुलांपुढे मांडायची, गंगेवरच्या गवळीवाड्याचे जुने उदाहरण पुन्हा एकदा द्यायचे, आणि उत्तरपत्रिकेत ते उदाहरण तेवढे शाबूत परत आले तरी समाधान मानायचे. याच शब्दाचे दुसरे एक बिऱ्हाड विजेच्या सामानाच्या दुकानात आहे. तेथे 'अर्थ' म्हणजे इंग्रजांची पृथ्वी. देवनागरीत उतरताना तिने नेमकी आपल्या अर्थाचीच अक्षरे घेतली आणि आता वायरमनच्या तोंडी, मिस्त्रीच्या वहीत, मीटरच्या पेटीवर ती बिनदिक्कत नांदते आहे. या योगायोगाला व्युत्पत्तीच्या दृष्टीने काडीचीही किंमत नाही. एक शब्द संस्कृतातला, दुसरा जर्मानिक कुळातला. दोघांची साधी तोंडओळखही नाही. पण भाषेतला शेजार केवळ कुळावर ठरत नाही. एकाच अक्षरांत राहणारी दोन बिऱ्हाडे कधी ना कधी एकमेकांच्या दारात डोकावणारच. आमच्यापुरते ते एका बंद पडलेल्या मोटारसायकलीमुळे घडले.

आम्ही म्हणजे बीडमधल्या एका महाविद्यालयाच्या मराठी विभागातले दोघे. एक जण मध्ययुगीन वाङ्मय शिकवतो, दुसरा भाषाविज्ञान. वय दोघांचेही चाळिशीच्या पुढे, आणि मोटारसायकलही त्या मानाने आमच्याच वयाची: 100 सीसीची, कार्बोरेटरची, 2009 साली घेतलेली. 2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत अंबाजोगाईला जाऊन दासोपंतांची पासोडी पाहावी, मुकुंदराजांच्या समाधीपाशी डोंगरकपारीत एक सकाळ काढावी, असा बेत होता. सरळ रस्ता मांजरसुंबा-केजवरून जातो. पण आमच्यातल्या एकाला धारूरचा किल्ला वाटेत हवा होता, म्हणून आम्ही वडवणी, तेलगाव, धारूर, आडस असा वळसा धरला. त्या वर्षी पावसाने दगा दिलेला. 31 ऑक्टोबरला शासनाने राज्यातल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता आणि आमच्या वाटेवरचे वडवणी, धारूर, अंबाजोगाई हे तिन्ही तालुके त्या यादीत होते. कापूस गुडघ्याएवढा राहिलेला, ओढ्यांत नुसते दगड. बालाघाटाच्या उतारावरची सीताफळे तेवढी आपल्या धर्माला जागून पिकली होती. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले; झाडाला त्याची खबर नाही, ते आधीपासूनच खडकात वाढते आणि दुष्काळातही गोड होते.

तेलगाव सोडून घाट लागेपर्यंत गाडी उत्तम चालली. पहिल्याच डाव्या वळणावर इंजिनाने उचकी दिली. वळण संपले, हँडल सरळ झाले, इंजिन पूर्ववत. पुढचे वळण उजवीकडचे होते, तेथे काही झाले नाही. त्यानंतरच्या डाव्या वळणावर पुन्हा उचकी, या वेळी जरा लांब. घाट अरुंद आणि वळणे निमुळती. मागून उसाच्या मोसमासाठी निघालेली रिकामी वाहने हॉर्न देत येत होती. गाडीला डावीकडचे वावडे आहे, हे आमच्या लक्षात आले. त्यावर काही राजकीय स्वरूपाचे विनोदही झाले. ते येथे देत नाही. शेवटच्या मोठ्या वळणावर मात्र इंजिन जे बंद पडले, ते हँडल सरळ करूनही सुरू होईना. पेट्रोल होते. हॉर्न वाजत होता. न्यूट्रलचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता. किका मारून मारून दोघांच्याही पोटऱ्या भरून आल्या, आणि मग जे उरते ते आम्ही केले: एकाने हँडल धरले, दुसऱ्याने मागून लोटले.

माथ्यापासून धारूरच्या वस्तीपर्यंतचा रस्ता ढकलत काढताना मुकुंदराजांचा विषय निघाला. 'विवेकसिंधू'चा काळ शके 1110 म्हणून सांगितला जातो. ग्रंथ अंबाजोगाईचा की विदर्भातल्या आंभोऱ्याचा, हा वाद जुना आहे, आणि आमच्यातले दोघे त्याच्या दोन बाजूंना आहेत. चढ असताना ढकलणारा वादात मागे पडतो आणि हँडल धरणारा पुढे जातो, एवढेच त्या दिवशी नव्याने सिद्ध झाले.

गावाच्या अलीकडे रस्त्याकडेला पत्र्याचे एक दुकान होते. दारावर 'ऑटो इलेक्ट्रिक' एवढीच अक्षरे. पुढ्यात एक ट्रॅक्टर, त्याला मागोमाग जोडलेल्या दोन ट्रॉल्या, आणि दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे उकिडवा बसलेला पंचविशीतला मिस्त्री. आम्हांला पाहून त्याने मान वर केली, पण हातातली वायर सोडली नाही.

"सर, कुठं बंद पडती? सरळ चालताना का वळणावर?"

आम्ही कपड्यांवरून ओळखू येतो, हे आम्हांला ठाऊक आहे. "वळणावर," आम्ही म्हणालो.

"डावीकडं का उजवीकडं?"

"डावीकडे."

"हॉर्न वाजतो का तवा?"

"वाजतो."

"मग बसा. फार काही न्हाई. कुठंतरी अर्थ होतोय. पण ह्यांचं आधी करतो, ह्यांना दिवस मावळायच्या आत निघायचंय."

गाडीला हात न लावता तीन प्रश्नांत निदान! आम्ही चहा सांगितला आणि बाजेवर बसलो.

'ह्यांना' म्हणजे ट्रॉलीतल्या माणसांना. चार जोडपी, दोन म्हाताऱ्या, पोरे किती ते मोजता येईना, कारण ती एका जागी ठरत नव्हती. उसाच्या हंगामात बीड जिल्ह्यातून लाखांच्या संख्येने माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. हे घरदार सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्यावर निघाले होते. केज, कळंब, बार्शी, पंढरपूर, सगळी रात्र आणि दुसरा बराचसा दिवस. ट्रॉलीत बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, चुलीसाठी लोखंडी तिपाई, कोपीवर घालायची ताडपत्री, कोंबड्यांची डालगी, दोन शेळ्या, जळणाच्या मोळ्या आणि फडक्यात गुंडाळलेले कोयते. त्या व्यवसायाची मराठी फार काटेकोर आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. एकटा माणूस 'अर्धा कोयता'. मुकादमाकडून आधी घेतलेली रक्कम ती 'उचल', आणि हंगाम संपेपर्यंत ती फेडण्याला काही वेगळा शब्द नाही. त्याला तोडणेच म्हणतात. माणसाला अवजाराच्या नावाने मोजणे ही लक्षणा आहे, हे वर्गात सांगायला सोपे जाते. तिथे पोत्यावर बसून पोराला पाजणाऱ्या बाईकडे पाहताना ती लक्षणा राहत नाही, वाच्यार्थच होतो.

ट्रॉलीचे दुखणे असे होते. मागचे लाल दिवे लागत होते, पण मिणमिण. चालकाने डावा इंडिकेटर दिला की डाव्या इंडिकेटराऐवजी ब्रेकचा दिवा अंधूक पेटे आणि विझे. ब्रेक दाबला की लाल दिवा जाई. आम्हांला वाटले, वायरी उलटसुलट जोडल्या असतील. मिस्त्रीने मान हलवली.

"वायरी बरोबर हायेत सर. अर्थ मिळत न्हाई."

ते वाक्य ऐकून आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्याला त्यात काही वावगे वाटले नव्हते आणि आम्हीही हसलो नाही. कारण पुढचे त्याने जे समजावले ते फार नीटस होते. विजेला जायला एक वाट लागते आणि परत यायला एक. जाणारी वाट तांब्याच्या तारेची. परतीची वाट बहुतेक वाहनांत वेगळी नसते. वाहनाचा लोखंडी सांगाडा हीच ती वाट, तोच त्याचा अर्थ. ट्रॅक्टरचा सांगाडा ट्रॉलीच्या सांगाड्याला फक्त एका पिनेने जोडलेला असतो. ती पीन गंजते, तिच्यावर चिखल बसतो, खड्ड्यात ती हिसके खाते. दिव्यापर्यंत गेलेल्या विजेला मग घरी येता येत नाही.

"आन् परत यायला वाट न्हाई घावली की करंट काय गप बसतो व्हय? दुसऱ्याच्या घरातनं वाट काढतो."

म्हणजे इंडिकेटरची वीज ब्रेकच्या दिव्यातून, ब्रेकची टेललॅम्पमधून. म्हणून भलताच दिवा पेटतो. त्याने यावर केलेला उपायही बोलण्याइतकाच सरळ होता. पिनेवर विसंबायचेच नाही. ट्रॅक्टरच्या सांगाड्याला एक जागा रंग खरवडून लखलखीत करायची, तिथून एक स्वतंत्र काळी तार पहिल्या ट्रॉलीला, पहिलीतून दुसरीला, दोन्हीकडे लोखंड खरवडून बोल्टने आवळायची, आणि जोडावर ग्रीस फासायचे.

आमच्या भाषाविज्ञानवाल्या सहकाऱ्याचे लक्ष एव्हाना वायरींवरून मिस्त्रीच्या क्रियापदांवर गेले होते. तासाभरात जे कानावर पडले ते असे: बॅटरी उतरते, फ्यूज उडतो, बल्ब जातो, प्लग काळा पडतो, स्पार्क पडत नाही, शॉक बसतो, कॉइल जळते. यांतले प्रत्येक नाम परके आहे. एकाही क्रियापदाला मात्र मराठीबाहेर घर नाही. ताप उतरतो, नशा उतरते, उन्हे उतरतात, तशी बॅटरी उतरते; म्हणजे ती एकदम मरत नाही, हळूहळू ओसरते, आणि पुन्हा चढवता येते. रंग उडतो, झोप उडते, तसा फ्यूज उडतो: एका क्षणात, आणि मागे काही न ठेवता. पाऊस पडतो, ऊन पडते, गाठ पडते, तशी ठिणगीही पडते; ती कोणी पाडत नाही, सारे जुळून आले तर पडते. यंत्राविषयीचे सगळे ज्ञान या क्रियापदांत साठवलेले आहे. नामे बाजारातून आली, डब्यावर छापून आली. विचार घरच्या क्रियापदांनी केला.

मराठी शब्दांचा पुरस्कार करणाऱ्यांनी आणि त्यांची टिंगल करणाऱ्यांनी दोघांनीही हे ध्यानात घ्यायला हवे, असे आम्हांला वाटते. महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय 1960 साली स्थापन झाले आणि त्याने शास्त्रोशास्त्रीचे परिभाषा कोश सिद्ध केले. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात शॉर्ट सर्किटला 'लघुपरिपथन' आहे, अर्थिंगला 'भूसंपर्कन' आहे. हे शब्द काही वाईट नाहीत. 'भूसंपर्कन' हा तर अगदी अचूक शब्द आहे, घराच्या बाबतीत. घराची तार खरोखर जमिनीत पुरतात. पण मोटारसायकल रबरी टायरांवर उभी असते, तिचा भूमीशी कसलाही विजेचा संपर्क नसतो. तिने आपली पृथ्वी आपल्याच हाडांत बाळगलेली असते. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींत तर बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडीत आणि तरीही त्याला अर्थच म्हणत. म्हणजे हा अर्थ जमीन नव्हे; ज्याला सगळे येऊन मिळतात, ज्याच्या आधाराने बाकीचे मोजले जाते, ते स्थान. इथे मिस्त्रीचा आळशी वाटणारा शब्द कोशातल्या मेहनती शब्दापेक्षा अधिक अचूक ठरतो, कारण त्याला जमिनीचे ओझे नाही. परिभाषेवरची सरसकट थट्टा आम्हांला मान्य नाही. परंतु कोशकारांनी नामांवर जेवढे कष्ट घेतले त्याच्या चौथाईने जरी क्रियापदांवर घेतले असते, तर त्यांचे शब्द दुकानांच्या दारापर्यंत पोचले असते.

आणि जमिनीवरून आठवले. कौटिल्याने आपल्या ग्रंथाच्या अखेरच्या अधिकरणात 'अर्थ' म्हणजे काय हे सांगितले आहे. माणसांची उपजीविका म्हणजे अर्थ, असे तो आधी म्हणतो. आणि लगेच पुढे, माणसांनी वसलेली भूमी म्हणजेही अर्थच. मघाशी आम्ही दोन बिऱ्हाडांची तोंडओळखही नाही असे लिहिले. ते कुळापुरते खरे. पण संस्कृतातल्या अर्थाच्या पोटातही पृथ्वी आहे, वसलेली पृथ्वी, आणि तिच्या बरोबरीने पोट भरण्याचे साधन आहे. कौटिल्याला ही दोन्ही एकाच वाक्यात, एकाच शब्दाखाली ठेवता आली, कारण जिथे माणूस वसतो तिथेच त्याची उपजीविका असते हे त्याने गृहीत धरले असावे. धारूरच्या त्या दोन ट्रॉल्यांत हे गृहीतक सामानासकट लादलेले होते. जमीन अरणवाडीच्या बाजूला, दीड एकर, त्या साली पेरणीही वाया गेलेली. उपजीविका सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर. दोघांना जोडणारी एक गंजकी पीन.

चार वाजता मिस्त्री आमच्या गाडीकडे आला. प्लग काढला, टोपीत बसवून इंजिनाच्या धातूला टेकवला, किक मारली. ठिणगी नाही. मग त्याने सीट उघडली, खालचा एक कप्लर ओढून वेगळा केला आणि पुन्हा किक मारली. निळी, जाड ठिणगी, चटकन् आवाज करून.

"करंट हाय. पण कुणीतरी गाडीला सारखं बंद कर म्हणून सांगतंय."

हे वाक्य अलंकारिक नव्हते. या जातीच्या जुन्या गाड्यांची रचनाच तशी असते. घरातला दिवा विझवताना आपण वाट तोडतो; बटण म्हणजे तारेत पाडलेली फट. या गाडीत चावी फिरवून इंजिन बंद करणे म्हणजे तोडणे नव्हे, जोडणे. ठिणगी घडवणाऱ्या सीडीआयच्या डबीतून एक तार चावीपर्यंत येते. चावी 'बंद'वर नेली की ती तार सांगाड्याला, म्हणजे अर्थाला जोडली जाते, आणि प्लगकडे निघालेली वीज त्या सोप्या वाटेने निघून जाते. इंजिनाला अर्थ मिळाला की ते थांबते! चावीकडे जाणारी ही तार हेडलाइटमागून, हँडलच्या मानेपाशी वळण घेत जाते. गेली चौदा वर्षे हँडल जितक्या वेळा वळले तितक्या वेळा तिचे आवरण सांगाड्याच्या कडेला घासले होते. डावीकडे वळताना ती ताणली जाई आणि उघडे तांबे लोखंडाला टेके. घाटातल्या शेवटच्या वळणावर एक तंतू तिथेच अडकून बसला.

आमच्या मध्ययुगीनवाल्याला यात पाठचिकित्सा दिसली, आणि खरे म्हणजे ती होतीच. पोथीत पाठ बिघडला, हे कळणे सोपे. तो कोणत्या पिढीतल्या प्रतीत बिघडला, हे शोधणे अवघड. त्यासाठी प्रती ताडून पाहाव्या लागतात: दोष कोणाकोणात आहे, कोणात नाही, आणि ज्यांच्यात नाही त्यांची शाखा कुठे फुटली. हॉर्न वाजतो, दिवे लागतात, म्हणजे बॅटरीची शाखा शुद्ध. कप्लर काढल्यावर ठिणगी पडते, म्हणजे सीडीआय आणि कॉइल शुद्ध. दोष डावीकडे येतो, उजवीकडे येत नाही, म्हणजे तो हलणाऱ्या भागात आहे. आमच्याशी पहिल्यांदा बोलताना त्याने विचारलेले तीन प्रश्न हे तीन प्रतींचे ताडन होते. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा पाठांतरांनी ग्रंथ बिघडल्याचे सांगून पुढे कोणी आपली भर घालू नये अशी ताकीद दिली. राजवाड्यांनी 1909 साली एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि तिच्यातल्या रूपांवरून व्याकरण उभे केले. दोघांच्या पद्धती वेगळ्या, स्वभाव तर फारच वेगळे. पण जिथे दुखते तिथेच दोष असतो असे दोघांनीही धरले नाही. धारूरच्या या मिस्त्रीनेही प्लग बदलून पाहिला नाही. बहुतेक दुकानांत आधी तोच बदलतात.

त्याने हेडलाइट उतरवला, मानेजवळची काळी टेप सोडवली, घासलेला भाग आम्हांला दाखवला (तांदळाच्या दाण्याएवढा), तार जोडून टेप गुंडाळली आणि वायरिंगला थोडी ढील देऊन दुसऱ्या बाजूने वळवले. "ही तात्पुरती सोय हाय. परत येताना थांबा, वरून नळी घालून देतो. न्हाईतर घासणारच." शिकला कुठे, असे विचारल्यावर म्हणाला, परळीला, औष्णिक विद्युत केंद्राच्या वाटेवर एका दुकानात. 2015 साली पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावे लागले होते, त्या सुमाराला गिऱ्हाईक आटले आणि तो गावी आला. आई-वडील अजून कोयत्यावर जातात. त्या ट्रॉलीत त्याचा चुलत भाऊ होता.

नव्या गाड्यांबद्दल मात्र तो फारसे बरे बोलला नाही. एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानके लागू झाली, कार्बोरेटर गेले, इंधन सोडण्याचे कामही विजेवर आले. आता गाडी बिघडली की स्कॅनर लावायचा. तो दोषाचा क्रमांक दाखवतो. "नंबर दाखवतो सर, कारण न्हाई सांगत. पोरं नंबर बघून पार्ट बदलतात." मार्गदर्शिका वाचून कवितेचे रसग्रहण लिहिणारी आमची मुले आम्हांला आठवली. असो.

साडेपाचच्या सुमाराला ट्रॉल्या निघाल्या. चालकाने ब्रेक दाबून दाखवला, मिस्त्री मागे उभा राहून "हां" म्हणाला, डावा इंडिकेटर, "हां", उजवा, "हां". हंगामात अंधारात उभ्या असलेल्या किंवा रांगत चाललेल्या ट्रॉलीवर मागून गाडी आदळल्याच्या बातम्या आपण आतल्या पानावर वाचतो. पोलीस आणि परिवहन खाते दर मोसमात ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या लावण्याची मोहीम काढतात, तेही आवश्यकच. पण त्या पट्टीला दुसऱ्याच्या दिव्याची गरज असते. एक म्हातारी शेवटपर्यंत मागच्या फळीशी बसून त्या लाल काचेकडे पाहत होती. "मावशी, आता लागला बघा दिवा," आम्ही म्हणालो. "लागला तर लागला बाबा," ती म्हणाली, "पोरं मागच्या अंगाला झोपत्यात."

आमच्या वर्गातही या ट्रॉल्यांचे गणित असते. डिसेंबरात दुसऱ्या सत्राचे तास सुरू होतात तेव्हा हजेरीपटावरची काही नावे उत्तर देत नाहीत. लहान मुलांसाठी गावांत हंगामी वसतिगृहे असतात, कारखान्यांवर साखरशाळा झाल्या. महाविद्यालयातल्या मुलाला यांपैकी काही नाही. तो अर्धा कोयता भरतो, किंवा लग्न झालेले असेल तर पूर्ण. मार्च-एप्रिलात परत येऊन तो परीक्षेला बसतो आणि शब्दशक्तींवर टीप लिहितो. ती तपासताना आम्ही त्याला किती गुण द्यावेत, हा विभागातला जुना वाद आहे आणि तो येथे सुटणार नाही.

अंधार पडता पडता आम्ही आडस ओलांडले. डावी वळणे बरीच होती. गाडी एकदाही थांबली नाही. दुसऱ्या दिवशी पासोडी पाहिली. दासोपंतांनी (1551 ते 1615) गीतेवर 'गीतार्णव' लिहिला, त्याच्या ओव्या परंपरेने सव्वा लाख सांगतात. पण आम्हांला ओढ होती ती या कापडाची. कागद सोडून लांबच लांब कापडावर त्यांनी पंचीकरण मांडले आहे: प्रत्येक महाभूतात अर्धा भाग स्वतःचा आणि उरलेल्या अर्ध्यात बाकीच्या चौघांचा एकेक अष्टमांश. म्हणजे तेजातही एक अष्टमांश पृथ्वी असते. आदल्या दिवशीच्या निळ्या ठिणगीनंतर हे वाचताना आमच्यातला भाषाविज्ञानवाला, जो एरवी वेदान्ताला जांभया देतो, बराच वेळ तिथे उभा राहिला. कापडावर ग्रंथ लिहिण्याचे कारण अभ्यासक काहीही सांगोत. आम्हांला ते गुंडाळून खांद्यावर नेता येण्यासारखे वाटले.

परतीच्या वाटेवर धारूरला थांबलो. मिस्त्रीने सांगितल्याप्रमाणे मानेजवळच्या वायरींवर रबरी नळी चढवून दिली. पैसे त्याने दोन्ही वेळचे मिळून दीडशे रुपये घेतले आणि चहा त्याचाच होता. ट्रॉल्या पोचल्या का, असे विचारले. पोचल्या होत्या, कोप्या बांधून तोड सुरूही झाली होती. फडात मागे घेताना डावा दिवा उसाच्या बुडख्याला लागून फुटला, असा भावाचा फोन आला होता.

"आणि उजवा?"

"उजवा चालू हाय."